अंगाला लावायची कॉफी

ऐन लग्नसराईत सुनिताचा धाकटा भाऊ युवराज पुण्याहून आला आणि बहिणीकडं मुक्कामाला थांबला. चाकणकडच्या एका मोठ्या गोदामात तो कामाला होता. लोक मोबाइलवरून मागवतात तो माल खोक्यांत भरायचा, वर पत्ता चिकटवायचा आणि गाडीत चढवायचा, असं त्याचं काम. येताना त्यानं भाचीला दप्तर आणलं, बहिणीच्या सासूला, मंजुळाबाईंना, गुडघ्याला चोळायचं तेल आणलं आणि सगळ्यांचं वाटून झाल्यावर पँटच्या खिशातून एक काचेची बाटली काढून बहिणीच्या हातावर ठेवली. तपकिरी, मुठीत मावेल एवढी, सोनेरी टोपणाची.

"हे काय रे?"

"सेंट हाय, आक्का. नाताळात इकायला काढलेलं. नाताळ सरला, माल पडून राह्यला, मग मॅनेजरनं आमाला वाटून टाकला."

खोक्यावर चित्र होतं. एक कप, त्यातून निघणारी वाफ, शेजारी दालचिनीची कांडी आणि चक्रीफूल. सुनितानं ते उलटंपालटं करून बघितलं.

"ह्याच्यावर तर चहा हाय."

"चहा न्हाई, कॉफी. पुण्यात मोठमोठी हाटेलं हायती, तितं थंडीत मसाल्याची कॉफी मिळती. दालचिनी, लवंग, जायफळ, वर मलई. लोक रांगा लावून पितेत. त्या कॉफीच्या वासावरनं काढलंय हे."

"मग प्यायची सोडून अंगाला लावायची व्हय?"

सगळे हसले. सुनिताचा नवरा शहादेव एरवी फारसा बोलायचा नाही, पण तोही हसला. मंजुळाबाई म्हणाल्या, "उद्या भाकरीचा बी सेंट काढतेल, न्हाई तर काय!" शीलानं, सुनिताच्या तेरा वर्षांच्या लेकीनं, आईच्या मनगटावर एक फवारा मारला आणि ओसरीभर तो वास पसरला. गोड, गरम, थोडा करपल्यासारखा. सुनिताला एकदम गावातल्या मोहनरावांच्या घरचं स्वयंपाकघर आठवलं. तिथं बीडचे साहेबलोक आले की जायफळ घालून कॉफी व्हायची, आणि भांडी घासताना पातेल्याच्या तळाशी राहिलेला घोट तिनं एकदोनदा चाखला होता. तेवढीच काय ती तिची कॉफीशी ओळख.

तिनं मनगट नाकाशी धरलं ते बराच वेळ खाली घेतलं नाही. भावाला वाटलं, बहिणीला भेट आवडली. ती का आवडली हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सुनिताचं असं होतं. ती आणि शहादेव दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जायचे. लग्न झाल्यापासून एकही हंगाम चुकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिचं ओटीपोट सारखं दुखायला लागलं, अंगावरून जायला लागलं. बीडला एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर तिथल्या डॉक्टरनं सोनोग्राफीचा कागद बघून सांगितलं, गर्भाची पिशवी काढून टाका, ठेवली तर कॅन्सर होईल. टोळीतल्या निम्म्या बायांच्या पिशव्या काढलेल्याच होत्या. कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. सुनितालाही नाही. टाके निघाले, ती घरी आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी अंथरुणातून उठली तर पातळ ओलं होतं.

तेव्हापासून ते थांबलं नाही. लघवी कळायची नाही, आवरायची नाही, थेंब थेंब गळत राहायची. ती दवाखान्यात परत गेली तर डॉक्टर म्हणाला, ऑपरेशननंतर होतं असं, थांबेल आपोआप. पण थांबलं नाही. मग तिनं जुन्या लुगड्याच्या घड्या करून बांधायला सुरुवात केली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्या धुवायच्या, घरामागं बाभळीवर वाळत घालायच्या, वर शीलाचा फ्रॉक टाकून झाकायच्या. पाणी कमी प्यायचं. बाहेर जायच्या आदल्या दिवशी तर प्यायचंच नाही. कुणाच्या सतरंजीवर बसायचं नाही. हळदीकुंकवाला दारातूनच कुंकू लावून घ्यायचं आणि "घरी लई काम हाय" म्हणून वळायचं. एसटीत सीट रिकामी असली तरी दांड्याला धरून उभं राहायचं.

एवढं करूनही वास यायचा. तो तिला स्वतःला सारखा यायचा, झोपेतसुद्धा. शहादेव ऑपरेशनानंतर बाहेर ओट्यावर झोपायला लागला होता. आत उकडतं म्हणायचा. थंडीत ऊसतोडीवरही तो बाहेरच झोपला, पण तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर नको होतं. कुणाला कळलेलं नाही, एवढ्यावर तिचे दिवस चालले होते.

ऊसतोडीत बरं होतं. तिथं पहाटेपासून दंवानं सगळ्याच बायांची पातळं कमरेपर्यंत भिजलेली असायची, त्यात तिचंही खपून जायचं. फक्त गेल्या हंगामात त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, टोळीच्या इतर कोप्यांपासून जरा लांब, बैल बांधायच्या जागेपलीकडं पडली होती. आपण उशिरा पोचलो म्हणून तसं झालं, असं सुनितानं धरलं होतं.

युवराज गेल्यावर आठवडाभर ती बाटली फडताळात तशीच होती. मग शीलाच्या शाळेच्या कामासाठी बीडला जायची वेळ आली. सुनितानं अंघोळ केली, नवी घडी बांधली आणि दार लावून घेऊन बाटली काढली. आधी मानेवर मारलं. मग पदरावर. मग परकराच्या घेरावर, आतून, बाहेरून, दोन्ही बाजूंनी.

एसटीत नेहमीप्रमाणं ती उभीच राहिली. तर खिडकीशी बसलेली एक अनोळखी बाई, नोकरीवाली दिसत होती, सरकून म्हणाली, "बसा की ताई, जागा आहे." सुनिता बसली. कडेला, अर्धवट. गाडी थोडी पुढं गेल्यावर ती बाई तिच्याकडं वळली आणि म्हणाली, "काय छान वास येतोय हो! कुठलं लावलंय?"

"भावानं आनलंय. पुन्यावरनं," सुनिता म्हणाली. तिचे कान तापले. "कॉफीचं हाय."

"हो ना, मी तेच म्हणते, कसला ओळखीचा वास आहे!"

बीड येईपर्यंत त्या दोघी बोलत होत्या. त्या बाईची सून बाळंत होणार होती, ते सगळं तिनं सांगितलं. सुनितानं शीला गणितात कशी हुशार आहे ते सांगितलं. स्टँडवर उतरताना सुनितानं मागं वळून सीटकडं बघितलं. सीट कोरडी होती. त्या दिवशी तिनं रसवंतीवर बसून आख्खा ग्लास उसाचा रस प्यायला. दोन वर्षांत बाहेर कुठं काही प्यायली नव्हती.

त्यानंतर ती रोज ते लावायला लागली. पिठाच्या गिरणीवर जाताना, पाण्याला जाताना, किराणा आणायला जाताना. गिरणीत ओळीत उभी राहिली की बायका वळून बघायच्या. तिला वाटायचं, वास आवडतो म्हणून बघतात.

मोहनरावांच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं, लग्न वैशाखात होतं. मोहनराव गावातले मोठे बागायतदार, पंचायत समितीला निवडून आलेले. लग्न दारातच होतं आणि तीन गावं जेवायला होती. मोहनरावांच्या मालकीणबाई छबुकाकू पूर्वी असल्या कार्याला सुनिताला हमखास बोलवायच्या, कारण पुऱ्या लाटण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. दोन वर्षांत मात्र बोलावणं आलं नव्हतं. सुनिता आजारातून उठली म्हणून काकू बोलवत नसतील, असं तिला वाटायचं. ह्या वेळी तिनं बोलावण्याची वाट बघितली नाही. चांगलं लुगडं नेसली, बाटली जवळजवळ अर्धी रिकामी केली आणि मंडपामागं जाऊन उभी राहिली.

"काकू, पुऱ्या लाटायला बसू का?"

छबुकाकूंनी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाल्या, "बस, बस. तितं भामाबाईच्या शेजारी बस."

पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ बाया गोल करून बसल्या होत्या. मध्ये कणकेचा डोंगर, पलीकडं कढया, पत्रा तापून आग ओकत होता. सुनिता पोळपाट घेऊन बसली आणि लाटायला लागली. हात विसरला नव्हता. पुरीमागून पुरी, एकसारखी. कुणीतरी नवरीच्या सासरबद्दल काही म्हणालं, सुनितानंही त्यात भर घातली, बाया हसल्या. तिला वाटलं, झालं, गेलं ते सगळं मागं.

पण घाम यायला लागला. उठायची सोय नव्हती. घडी भिजली, ते तिला कळलं, पण हातातलं टाकून उठलं तर दिसेल म्हणून ती मांडी आवळून लाटतच राहिली. तापलेल्या त्या शेडमध्ये दोन्ही वास एकत्र उठले. दालचिनी, जायफळ, साखर, आणि त्याच्या खालून ते दुसरं. आधी पलीकडच्या पोरीनं पदर नाकाला लावला. मग तिच्या शेजारणीनं. लाटण्यांचा आवाज कमी झाला.

भामाबाई सुनिताच्याच टोळीतली, तोंडानं फटकळ. ती लाटणं खाली ठेवून म्हणाली, "सुनिता, आज मुतात कॉफी वतून आलीस का काय गं?"

शेडमध्ये एकच हशा फुटला. एकीला तर इतकं हसू आलं की तिनं डोळे पुसले. त्यात दुष्टपणा होता असंही नाही. दोन वर्षं दाबून ठेवलेलं एकदम सुटलं, एवढंच. आणि त्या हसण्यात सुनिताला कळलं. कुणीही "काय म्हणतेस?" असं विचारलं नाही. कुणालाही ती गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

छबुकाकू धावत आल्या. "गप बसा गं," त्या म्हणाल्या आणि सुनिताच्या दंडाला धरून तिला उठवलं. पाटावर ओला डाग होता. काकूंनी पाट पायानं मागं सरकवला. "तू घरी जा माय. पोरीसाठी डबा देते बांधून." त्यांचा आवाज मऊ होता. सुनिता डबा न घेताच निघाली. अक्षता पडायच्या होत्या, वाजंत्री जोरात चालली होती, आणि ती मंडपाच्या मागच्या बाजूनं, बाभळीबाभळीनं घरी आली.

संध्याकाळी शहादेव घरी आला तो पिऊन नव्हता, पण तसा दिसत होता. पंगतीत त्याच्या कानावर घातलं गेलं होतं. तो दारातच बसला.

"तुला कुनी सांगितलतं ते लावून जायला?"

"वास येऊ नये म्हनून लावलं," सुनिता म्हणाली. दोन वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं होतं. "मला ऑपरेशनपासून..."

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. सगळ्यांना ठावं हाय. कोपी लांब कावून टाकलती मग? मीच मुकादमाला म्हनलो, बायांचं वंगाळ बोलनं नको, आमी लांब ऱ्हातो." तो जमिनीकडं बघत होता. "लोक काय बोलत न्हवते. डोळेझाक करत होते. आता त्या कॉफीनं तोंडं उघडली समद्यांची. आज पंगतीत टोळीतला रविराज म्हनला, शहाद्या, तुझ्या घरी कप घेऊन येतो बे. सगळी पंगत हसली."

आत मंजुळाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. सुनितानं त्यांना विचारलं, "आत्याबाई, तुमाला बी?"

"मला नाक न्हाई का माय?" त्या म्हणाल्या. "काय बोलू म्हनलं तुला. तुज्या जिवाला लागलं असतं."

सुनितानं बाटली घरामागच्या उकिरड्यात पुरली. त्यानं काही झालं नाही. वास तिच्या नावाला चिकटला होता. ती गिरणीवर गेली की पोरं "कॉफी आली, कॉफी आली" करत पळायची. शीलाला शाळेत मुली कॉफी म्हणायला लागल्या. एक दिवस शीला घरी आली, नवं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "तू शाळंकडं येऊ नको. कदीच." त्यानंतर ती आजीजवळ जेवायला बसायला लागली.

गावातली आशा सेविका वनमाला पावसाळ्यात घरोघरी फिरत होती. सुनिताच्या दारात आली तेव्हा सुनितानं तिला आत ओढलं आणि सगळं सांगितलं. आता झाकण्यासारखं उरलंच काय होतं. वनमालानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, ह्याला इलाज हाय. पिशवी काढताना लघवीच्या पिशवीला भोक पडलं असंल. ते शिवता येतं. संभाजीनगरला मोठ्या सरकारी दवाखान्यात करतेत. पंधरा-वीस दिवस ऱ्हावं लागंल, संगट मानूस लागंल."

वनमालाजवळ उत्तर तयारच होतं, हे सुनिताच्या लक्षात आलं.

"तुला बी ठावं व्हतं? आधीपासून?"

वनमालानं मान खाली घातली.

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी कदी विषय काढला न्हाई ताई. म्या दोनदा दारापोत्तर आलते. म्हनलं, आपन काढलं तर तुमाला वाटंल, गावात बोभाटा झाला. तुमाला वंगाळ वाटू नये म्हनून..."

सुनिता रडली नाही. तिनं वनमालासाठी चहा ठेवला. दोन वर्षं. दोन हंगाम. बाभळीवरच्या त्या घड्या. कुणी एकानं, अगदी त्या भामाबाईनंसुद्धा, तेव्हाच हसून घेतलं असतं तर!

तिनं शहादेवला सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. हंगामाहून आल्यावर जाऊ म्हणाला. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेऊन झाली होती, उचल फिटेपर्यंत थांबता येत नव्हतं. तिनं युवराजला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, दिवाळी ते नाताळ आमाला एक रजा मिळत न्हाई. मार्चात येतो, नक्की." आणि मग घसा खाकरून, "आक्का, त्या सेंटचं... मला कुनीतरी सांगितलं. मला म्हाईत असतं तर..."

"तुजं काय चुकलं?" ती म्हणाली.

दसऱ्यानंतर मुकादम घरी आला. बाहेरच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. शहादेवशी तो हळू आवाजात बोलत होता, पण सुनिता चुलीशी असून तिला सगळं ऐकू येत होतं. टोळीतल्या बाया म्हणतात, ती असली तर आमच्या शेजारी कोपी नको. ट्रॅक्टरमध्येही संगट बसणार नाहीत. आता सगळंच उघड झालंय तर माझाही इलाज नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तुझा अर्धाच राहील. दुसरं कुणी बघ, नाहीतर उचल परत दे.

उचल घराच्या पत्र्यात गेली होती. शहादेवनं घरावरच्या पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाला, "पोरगी हाय."

सुनिता चुलीपुढून उठून बाहेर आली. "म्या येते. म्या लांब ऱ्हाते, मागून चालत येते, कुनाला शिवत न्हाई. तिची शाळा हाय. पुढल्या वर्षी नववीला..."

मुकादम दुसरीकडं बघायला लागला. शीला दारात उभी होती. तिनं आईकडं बघितलं नाही, बापाकडं बघून म्हणाली, "म्या जाते दादा. मला बी हितं ऱ्हायचं न्हाई."

ती बापाच्या मागं ट्रॅक्टरवर चढली तेव्हा तिच्या डोक्याला सुनिताचाच जुना रुमाल बांधलेला होता. बायांमध्ये भामाबाई होती. तिनं शीलाला हात देऊन वर ओढलं, शेजारी जागा केली आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला. सुनिता रस्त्याच्या कडेला उभी होती, बाकीच्यांपासून थोडं अंतर राखून, तसं कुणी सांगितलं नव्हतं तरी. ट्रॅक्टर सुरू झाला. शीलानं हात हलवला, पण तो मागं दारात बसलेल्या आजीसाठी होता की तिच्यासाठी, ते धुळीत कळलं नाही.

घरी सासू आणि सून दोघीच राहिल्या. मंजुळाबाईंना धड उभं राहता येत नव्हतं, त्यांना एकटं टाकून संभाजीनगरला जाणं शक्य नव्हतं, आणि संगट येणारं कुणी नव्हतं. वनमालानं एकदा दवाखान्याची तारीख काढून आणली. तारीख निघून गेली.

कधीतरी दिवस मावळताना शीलाचा फोन यायचा, बापाच्या मोबाइलवरून. थंडी लई पडली म्हणायची. हात फाटलेत, पण आता मोळी बांधता येते म्हणायची. आईशी ती पुन्हा नीट बोलायला लागली होती, लांबून. पौषात असाच एकदा फोन आला. बोलता बोलता ती थांबली, मग हळूच म्हणाली, "आई, मला पाळी आली. परवा. उसाच्या फडातच."

सुनिता भिंतीला टेकून खाली बसली. "कुनी बघितलं तुला? कापड कुनी दिलं?"

"भामामावशीनं. तिनंच सगळं सांगितलं. लई चांगली हाय गं ती." शीलाच्या मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, बाया कुणाला तरी हाका मारत होत्या. "ती म्हनली, घाबरू नको. लगीन झालं, दोन लेकरं झाली की पिशवी काढून टाकायची. मग काय तरासच न्हाई."

"शीला, ऐक..."

"दादा बोलावतेत, गाडी भरायची हाय. ठेवते गं."

फोन बंद झाला. सुनितानं लगेच उलट लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. आतून मंजुळाबाईंनी विचारलं, काय म्हनती पोरगी, बरी हाय का? सुनिता मोबाइल कानाला धरून तशीच बसून राहिली. खालची जमीन ओली होत चालली होती, आणि पलीकडं रिंग वाजत होती.